कानामागे एक थेंब

आमच्या निर्मलाचं लग्न झालं ते १९७९ साल. मे महिना, ऊसतोड सुरू व्हायच्या आधीचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पण पत्रिकेवरचा तो आकडा निर्मलानं माझं बोट धरून दाखवला होता, म्हणून लक्षात राहिला.

वऱ्हाड क्युरपिप शहरातून आलं, दोन बस भरून. आमचे जावई यशपाल सरकारी कचेरीत कारकून. त्यांची माणसं आपसात आमच्या बेटाची क्रिओल बोली बोलणारी, मधेच फ्रेंच. आम्ही ग्रां बुआ गावचे, उसात राबणारे. शेजारच्या बलरामनं आणि मी दोन दिवस खपून बांबूचा मांडव घातला होता, वर नारळाच्या झावळ्या. माझी बायको इंद्राणी हळदीपासून बसली नव्हती.

तिचे केस तिशीतच पांढरे झाले होते. शेतात निंदायला जाताना डोक्याला फडकं आणि वर गवती टोपी, त्यामुळे ते फारसे कुणाच्या नजरेस पडत नसत. मांडवात तिचा पदर घसरला आणि यशपालच्या मावशीनं मोठ्यानं सांगितलं, "अरे, नवरीच्या ग्रानमेरला कुणी खुर्ची द्या!"

ग्रानमेर म्हणजे आजी. सगळ्यांना कळलं. निर्मला म्हणाली, "ती माझी आई आहे."

"आई? मग तर दोन खुर्च्या द्या," मावशी म्हणाली.

लोक हसले. इंद्राणीही हसली. पण ती त्या खुर्चीवर बसली नाही.

मांडव उतरवल्यावर तिनं मला विचारलं, "एवढी म्हातारी दिसते का हो मी?"

"उसाला तुरा आल्यासारखी दिसतेस," मी म्हटलं. मला वाटलं, थट्टा केली. ती झावळ्या गोळा करत राहिली.

ते मला टोचत राहिलं. पुढं ऑगस्टमध्ये एका कागदावर अंगठा द्यायला मी राजधानीत, पोर्ट लुईला गेलो, तेव्हा बाजारातून केसांच्या काळ्या रंगाचा डबा आणला. पत्र्याचा छोटा डबा. त्यावर कंबरेपर्यंत केस सोडलेल्या बाईचं चित्र. विकणाऱ्यानं सांगितलं, पाण्यात कालवा, लावा, अर्ध्या तासानं धुवा. एकवीस वर्षांच्या संसारात, घराला काही उपयोग नाही अशी ती मी तिला दिलेली पहिली वस्तू.

"वेड लागलं का तुम्हाला?" ती म्हणाली. पण डबा तिनं दोन्ही हातांत धरला होता.

डब्यात दोन पुड्या होत्या, प्लास्टिकचे पातळ हातमोजे होते आणि घडी केलेला कागद. कागदावर मुंगीएवढी अक्षरं, दोन्ही बाजूंनी. त्या कागदानं मी चूल पेटवली. हातमोजे तिनं मिरच्या चिरायला ठेवून दिले. गणपतीच्या आदल्या दिवशी अंगणात पाटावर बसवून मीच तिला रंग लावला, जुन्या दात घासायच्या ब्रशानं. कपाळावर ओघळ आला की ती ओरडायची, "कपाळ नका रंगवू, आणखी काळी कराल!" बसंती, बलरामची बायको, कुंपणापलीकडून म्हणाली, "भाऊजी, उरलेला ह्यांच्या टकलाला लावा हो."

गणपतीला क्युरपिपची माणसं आली. मावशीनं इंद्राणीला ओळखलंच नाही. तिला विचारलं, "निर्मलाची आई कुठंय?" त्या दिवशी इंद्राणी जशी चालत होती तशी मी तिला आधी कधी चालताना पाहिली नव्हती.

नंतर आठ दिवस तिच्या कानांमागे खाज सुटली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आम्ही खोबरेल लावलं. ऊन बाधलं असेल, असं मी म्हटलं. माझी बोटं तर दोन आठवडे काळी होती आणि त्यांना काहीच झालं नव्हतं. मग रंगात काय वाईट असणार? एवढाच माझा विचार. खाज गेली. पुढं केसांची पांढरी मुळं दिसू लागली तरी तिनं पुन्हा रंग लावला नाही. उरलेली पुडी डब्यात राहिली. वर तिनं तुटकी बटणं टाकली, आणि डबा फडताळात गेला.

१९८१च्या जूनमध्ये निर्मलाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं, पण ग्रां बुआला डॉक्टर नाही म्हणून व्याह्यांनी ते क्युरपिपलाच केलं. त्यामुळे इंद्राणीनं बाळ पाहिलं नव्हतं. रविवारी चौदा तारखेला बारसं होतं. तिनं दुपटं शिवलं होतं, पिवळं, कडेला लाल धागा.

गुरुवारी मी फडताळातून तो डबा काढला. बटणं ओतली आणि पुडी तिच्यासमोर धरली.

"नको," ती म्हणाली. "मागं किती खाजलं होतं."

"ते उन्हाचं होतं."

"अहो, आता आजी झाले ना मी? ज्याला हसायचे ते आता खरंच झालं. आता काळं कशाला? नको म्हणते ना."

"ती मावशी येणार आहे. मला ते पुन्हा ऐकायचं नाही."

मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मला ऐकायचं नाही, असं म्हणालो मी. लाज तिला वाटत नव्हती, मला वाटत होती. ती मग उठून पाटावर बसली.

शुक्रवारी सकाळी तिच्या डोक्याला आग लागल्यासारखं झालं. दुपारपर्यंत कपाळ सुजलं. संध्याकाळपर्यंत डोळे बंद झाले. कपाळावर आणि मानेवर फोड आले, त्यांतून पाणी वाहू लागलं. मी वत्सलाकाकींना बोलावलं. काकी आमच्या वाडीतल्या सगळ्यात जुन्या. बाळंतपण असो की मयत, त्यांना विचारल्याशिवाय काही होत नसे. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि हात जोडले.

"देवी आलीय."

देवी आल्यावर आमच्याकडे काय करायचं ते ठरलेलं आहे. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. साबण नाही, फणी नाही. कडुनिंबाचे डहाळे दाराला आणि उशाला. घरात फोडणी नाही. बाहेरचं माणूस आत येत नाही, घरातलं बाहेर कुणाला शिवत नाही. डॉक्टर नाही, सुई नाही, नाहीतर देवी रागावते. मी सगळं पाळलं, कुठंही चुकलो नाही. तिच्या केसांत तो रंग तसाच होता, आम्ही नुसत्या पाण्यानं खंगाळलेला. ती म्हणत होती, "डोकं धुवा हो माझं, डोक्यात निखारे आहेत." मी म्हणत होतो, "पाच दिवस थांब."

इंद्रदेवच्या दुकानातून मी क्युरपिपला टेलिफोन केला. बारशाला येत नाही, घरात देवी आलीय, असं सांगितलं. निर्मला म्हणाली, "बापू, डॉक्टरला दाखवा."

"देवीत डॉक्टर चालत नाही. आणि तू येऊ नकोस, बाळ आहे."

"मग मी काय करू?"

"बारसं कर."

रविवारी तिकडं बारसं झालं. इंद्राणी अंथरुणावर होती, डोळे उघडत नव्हते. तिनं विचारलं, "बाळ कुणासारखं आहे?"

"मी कुठं बघितलंय?"

"मग विचारून या."

मी पुन्हा दुकानात गेलो. इंद्रदेवनं टेलिफोनला आधी फडकं गुंडाळलं, माझा हात लागू नये म्हणून. निर्मला म्हणाली, नाक आईसारखं आहे, नाव चंद्रिका ठेवलं. मी येऊन तसं सांगितलं. इंद्राणीनं आपल्या नाकाला हात लावला. तेही सुजलं होतं.

सोमवारी तिला अंग फोडून टाकणारा ताप भरला आणि ती भलतंसलतं बोलू लागली. बलराम कुंपणावरून उडी मारून आला. "दादा, देवीचं काय व्हायचं ते होऊ दे," म्हणाला. त्यानं कुणाची तरी व्हॅन आणली. आम्ही तिला लोपितालात नेलं. सगळे मोठ्या इस्पितळाला लोपितालच म्हणतात.

डॉक्टर तरुण होता. मी देवीचं सांगितलं तेव्हा त्यानं नर्सकडे पाहिलं. मग मला क्रिओलमध्ये म्हणाला, "बाबा, आता सबंध जगात देवीचा एकही रोगी उरलेला नाही. हिच्या डोक्याला काय लावलंत?"

मी सांगितलं. तो म्हणाला, डबा घेऊन या. मी बसनं घरी गेलो. डबा तसाच घेऊन परत आलो. त्याच्या टेबलावर ठेवला तेव्हा तळाशी राहिलेली दोन बटणं वाजली. त्यानं डबा फिरवून मागची बाजू उजेडात धरली आणि वाचून दाखवलं. वापरायच्या आधी दोन दिवस कानामागे एक थेंब लावून बघा. खाज आली किंवा लाल झालं तर वापरू नका. मागे एकदा खाज आली असेल तर पुन्हा कधीच वापरू नका. वापरल्यावर खाज आली तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

सगळं तिथं लिहिलं होतं. दोन वर्षं तो डबा आमच्या फडताळात होता. बटण हवं असलं की आम्ही तो हातात घेत होतो.

बुधवारी निर्मला आली, बाळाला सासूकडे ठेवून. आईचा चेहरा पाहिला आणि बाहेर बाकावर येऊन बसली. तिला नर्सनं रंगाचं सांगितलं होतं. मग म्हणाली, "आईला ह्या वयात एवढी हौस कशाला हवी होती, बापू?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी मान हलवली. हो, तिलाच हौस होती, अशी.

विष रक्तात गेलं होतं. शनिवारी दुपारी मी इस्पितळातून तिची साडी आणि बांगड्या एका पिशवीत घेऊन बसमध्ये बसलो. शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टरनं विचारलं, "एकच?" मी म्हटलं, "एकच."

त्यानंतर निर्मला दर रविवारी चंद्रिकाला घेऊन येऊ लागली. सकाळी दहाच्या बसनं यायची, भात-डाळ करून ठेवायची, चारच्या बसनं जायची. मधले सहा दिवस मी शेतावर जायचो आणि परत यायचो. घरात बोलायला कुणी नसलं की भांड्यांचा आवाज मोठा होतो. मी जेवायला दोन ताटं घ्यायचो आणि एक परत ठेवायचो. बरेच दिवस तसं होत राहिलं.

निर्मला आईचं बोलायची तेव्हा दोनच गोष्टी बोलायची. एक आईची हौस, दुसरं वत्सलाकाकींचं अज्ञान. एकदा ती काकींच्या दारात जाऊन म्हणाली, "तुम्ही मारलंत माझ्या आईला." वाडीनं ऐकलं. तेव्हापासून काकींना कुणी विचारायला जाईना. त्या ओट्यावर एकट्या बसायच्या. मी समोरून जायचो. त्यांना देवी वाटली, ती त्यांच्या परीनं खरी होती. पाटावर बसवलं मी. हे मला माहीत होतं आणि मी समोरून जायचो.

१९८३मध्ये मी बैठकीत जाऊ लागलो. बैठक म्हणजे आमच्या गावातली एक खोली, तिथं शनिवारी दुपारी चंद्रमोहन गुरुजी मुलांना मराठी शिकवत. माझं वय छप्पन्न होतं. बाक बुटका, गुडघे मावत नसत. पुढच्या बाकावरच्या मुली मागं वळून हसायच्या. एक म्हणाली, "आजोबा, तुमचा 'ळ' झोपलाय." मी म्हटलं, "दिवसभर ऊस तोडून आलाय तो." गुरुजीही हसले.

मला एकच गोष्ट वाचायची होती. दीड वर्षानं अक्षरं जुळू लागली तेव्हा मी तो डबा घेऊन बसलो. एक अक्षर ओळखीचं निघालं नाही. मी गुरुजींकडे गेलो.

"काका, हे फ्रेंच आणि इंग्रजी आहे," ते म्हणाले. "ती अक्षरं वेगळी."

"मग मी एवढे दिवस काय शिकलो?"

त्यांना वाईट वाटलं. त्यांनी फ्रेंच वाचत वाचत मराठीत सांगितलं आणि मी माझ्या हातानं ते वहीत उतरवलं. चार ओळींना दोन शनिवार लागले. घरी आल्यावर मी त्याखाली आणखी काही ओळी माझ्या मनानं लिहिल्या. त्या मात्र एका दुपारी झाल्या. मग ते सगळं बारा कागदी पट्ट्यांवर उतरवलं.

तोवर इंद्रदेवच्या दुकानात तसले डबे येऊ लागले होते. मी मैद्याची खळ आणि पट्ट्या घेऊन गेलो. त्यानं पट्टी हातात घेतली. त्याला थोडं मराठी येतं. वाचून त्यानं ती खाली ठेवली.

"तुलसीकाका, हे डब्यावर लावलं तर कोण घेईल? मेलेल्या माणसाचं नाव घरात कोण नेईल?"

"वाचून घेणारा घेईल."

"वाचणार कोण? म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही. पोरांना हे अक्षर येत नाही."

हे खरं होतं. मी तिथंच उभा राहिलो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "डब्यावर नको. तिकडं भिंतीवर लावा, रॉकेलच्या पिंपाच्या वर."

एक पट्टी मी तिथं लावली. उरलेल्यांपैकी एक वत्सलाकाकींकडे घेऊन गेलो. त्यांना दिसत कमी होतं, मी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "माझं नाव नाही ना त्यात?"

"नाही काकी. माझं आहे."

त्यांनी पट्टी मागून घेतली आणि कमरेला खोचली.

पुढच्या वर्षी बसंतीच्या मुलाचं लग्न ठरलं. ती डबा घेऊन माझ्या अंगणात आली. "भाऊजी, तुमचा तो भिंतीवरचा कागद वाचा बघू. मला काळं व्हायचंय, पण मरायचं नाही."

मी वाचला. कानामागे एक थेंब लावला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी कुंपणापाशी जायचो आणि ती केस बाजूला करून कान दाखवायची. बलराम म्हणाला, "माझ्या बायकोचा कान इतका तर मीही पाहिला नाही." तिला काही झालं नाही. तिनं रंग लावला आणि लग्नात सगळ्यांच्या पुढं नाचली. मला बरं वाटलं. तरी मी जेवण न करताच घरी आलो.

हे सगळं झालं तरी निर्मलानं तो कागद पाहिला नव्हता. रविवारी दुपारी दुकान बंद असतं आणि ती सरळ घरी यायची. मी मुद्दाम तिला कधी तिकडं नेलं नाही. कागद लावायचं धैर्य झालं होतं, दाखवायचं झालं नव्हतं. ती एकच उरली होती मला. सहा दिवस मी त्या दहाच्या बसची वाट बघायचो.

१९८६च्या ऑगस्टमध्ये ती एका शनिवारी आली. चंद्रिका पाच वर्षांची झाली होती, तिला गोळ्या हव्या होत्या. मी म्हटलं, मी आणतो. निर्मला म्हणाली, "चला ना, सगळेच जाऊ." दुकानात इंद्रदेव गोळ्या मोजत होता. चंद्रिका पिंपाजवळ गेली आणि म्हणाली, "मामा, इथं काहीतरी चिकटवलंय." ती आईला मामा म्हणते, क्रिओलमध्ये म्हणतात तसं. निर्मला लहानपणी ह्याच गावच्या बैठकीत मराठी शिकली होती. ती वाकून वाचू लागली, हळूहळू, ओठ हलवत. वरच्या चार ओळी वाचल्या. खालच्या वाचताना ओठ थांबले.

"आईनं नको म्हटलं होतं?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा."

"आणि मी हौस म्हटलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत."

"हलवली."

इंद्रदेव गोळ्यांची पुडी हातात धरून उभा होता. निर्मलानं ती घेतली, चंद्रिकाचा हात धरला आणि घरी न येता थांब्याकडे गेली. जाताना वत्सलाकाकींच्या ओट्यापाशी थांबली. वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काकींनी तिला ओळखलं की नाही, मला लांबून दिसलं नाही. मग ती बसमध्ये चढली.

आज सोळावा रविवार. दहाची बस येते, माणसं उतरतात, बस पुढं जाते. मी थांब्यावर जातो आणि परत येतो. भात-डाळ मला करता येतं. कागद अजून भिंतीवर आहे. रॉकेलचे डाग पडले म्हणून मागच्या महिन्यात मी तो काढून नवा लिहून लावला. त्यातलं एकही अक्षर बदललं नाही. वर डब्यावरचंच सारं आहे, आणि खाली हे:

हा रंग मी आणला. माझी बायको दोनदा नको म्हणाली. तरी मी लावला. मागच्या वेळची खाज मला माहीत होती.
लावणारा तुलसीराम, ग्रां बुआ.
इंद्राणी तुलसीराम, वय अठ्ठेचाळीस, शनिवार, २० जून १९८१ रोजी वारली. तिनं नात पाहिली नाही.